रिकाम्या घरातला कंदील

रत्नाताई सातव्यांदा मेल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. स्क्रीन लाल झाली, लांडगा पुन्हा झुडपात जाऊन बसला आणि त्यांनी माउस हलकेच बाजूला ठेवला.

"भाऊ, आता चहा घिऊन मरू, का मरून चहा घिऊ?"

प्लेटेस्टमध्ये बोलायचं नसतं. प्लेटेस्ट म्हणजे गेम बाजारात जाण्याआधी नवख्या माणसाला खेळायला बसवायचं आणि आपण मागे गप्प बसून तो कुठे अडतो ते लिहायचं. मदत करायची नाही, हसायचं नाही, सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. मी वहीत लिहिलं, 'लांडगा, सातवा.' आणि चहा सांगितला.

मी अकरा वर्षं पुण्यात गेम टेस्टर होतो. लोकांना वाटतं, काय मजा, दिवसभर खेळायचं. प्रत्यक्षात एकाच भिंतीला चारशे वेळा धडक देऊन बघायचं असतं, की माणूस भिंतीच्या आरपार तर जात नाही ना. तीन वर्षांपूर्वी मी परत आलो. घर फुलसावंगीला, पण तिथे इंटरनेट मनाचा राजा आहे, म्हणून महागावात एका कृषी केंद्राच्या वर खोली घेतली. खाली सोयाबीनचं बियाणं, वर राक्षस आणि तलवारी. आता मी गेम मराठीत आणायचं काम करतो आणि ते तपासतोही.

या गेमचं नाव अंधारकोट. दीक्षित सर नावाच्या पुण्यातल्या एका हट्टी माणसाने तो जुन्या पद्धतीने बनवलाय. हल्लीच्या गेममध्ये कुठे जायचं ते दाखवायला बाण असतो, नकाशा असतो, चुकलात तर कानाला धरून वाटेवर आणणारं कोणीतरी असतं. अंधारकोटमध्ये यातलं काही नाही. तुमचा वीर एका काठीनिशी आणि एका भाकरीनिशी पिंपळझरी नावाच्या गावात येतो. उत्तरेला घाट, घाटापलीकडे किल्ला. घाटात लांडगे. लांडग्याने दोनदा चावा घेतला की खेळ खलास. मग गावातल्या धर्मशाळेतून पुन्हा सुरुवात, कारण सेव्ह फक्त तिथेच होतं. सेव्ह म्हणजे मेल्यावर पुन्हा जिवंत व्हायची जागा, एवढं समजलं तरी पुरे.

ही मराठी आवृत्ती मी दीड वर्ष केली. प्रत्येक गावकऱ्याचं बोलणं, प्रत्येक मंत्र, प्रत्येक फुटक्या मडक्याचं वर्णन माझ्या हातचं. आणि सोमवारी सकाळी केतकी मॅडमचा फोन आला. त्या कंपनीत प्रोड्युसर आहेत, म्हणजे गेम वेळेत बाहेर काढायची जबाबदारी त्यांची.

"निलेश, मराठीचे सुरुवातीचे रिपोर्ट वाईट आहेत. नवीन लोक पहिल्या तासात सोडून देतायत. घाटच ओलांडत नाहीत."

"गेम अवघडच आहे, मॅडम."

"इंग्लिशमध्येही तेवढाच अवघड आहे. तिथे लोक घाट ओलांडतात. हे बघ, तू बिगिनर टिप्सचं पान लिहितोयस ना? ते घेऊन तिकडच्या तीन नवख्या लोकांना बसव. शुक्रवारी मी कॉलवर बघते. तिघांनी घाट ओलांडला तर मराठी जाईल. नाही ओलांडला तर यावेळी मराठी थांबवू. नाही तर लोक वाईट रिव्ह्यू देतील आणि सगळा गेमच बुडेल."

थांबवू म्हणजे कायमचं. थांबवलेली आवृत्ती पुन्हा निघालेली मी अकरा वर्षांत पाहिली नाही.

तीन नवखे मिळवणं सोपं होतं. शेजारी ब्लाऊज शिवणाऱ्या रत्नाताई. जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून आयुष्य काढलेले बाबारावकाका, जे कापसाचं बोंड हातात घेऊन, चिमटीत धागा ओढून त्याची प्रत सांगत. आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पूजा, जी रोज पहाटे पळते आणि दुपारी अभ्यासाच्या नावाखाली पेंगते. तिघांपैकी कोणी असा गेम आधी खेळलं नव्हतं.

टिप्सच्या पानाचा मला अभिमान होता. दहा टिप्स होत्या, आणि या जातीचे गेम खेळणारा कुणीही मान डोलावेल अशा होत्या. प्रत्येक गावकऱ्याशी बोला, दोनदा बोला. ऐकलेलं वहीत लिहा, गेम तुमच्यासाठी काही लिहून ठेवत नाही. जिंकता येत नसेल तर पळा, पळण्यात लाज नाही. बाहेर पडायच्या आधी धर्मशाळेत जाऊन या. आणि सगळ्यात मोठी: अंधारात जाऊ नका, उजेड सोबत ठेवा, लांडगे आगीला भितात.

आता गंमत बघा. तिघांनी टिप्स तंतोतंत पाळल्या. रत्नाताईंनी मापं लिहायच्या वहीत पिंपळझरीतल्या सगळ्या माणसांची नावं लिहिली, कोणाची सून कोण तेही लिहिलं, आणि ते तर मीही लक्षात ठेवलं नव्हतं. बाबारावकाका गेममधल्या दुकानदाराशी इतका वेळ घासाघीस करत बसले की शेवटी दुकानदाराकडचे संवाद संपले. पूजा पळण्यात तरबेज निघाली. आणि तिघंही घाटात मेले. सोमवारी मेले, मंगळवारी मेले.

मंगळवारी दुपारी मी तिघांची रेकॉर्डिंग्ज शेजारी शेजारी लावून पाहिली. एक गोष्ट तिघांत सारखी होती. कोणाकडेच उजेड नव्हता.

कंदील गेममध्ये आहे. गावातल्या पहिल्याच घरात खुंटीला टांगलेला आहे. खाटेखाली सुरी आहे, पेटीत औषधी पाला आहे. चार-दोन सोडून सगळे गावकरी कापणीला गेलेत, घरं उघडी आहेत, आत शिरायचं आणि घ्यायचं. त्यासाठीच ठेवलंय ते. पण रेकॉर्डिंगमध्ये तिघंही त्या दारापाशी जात होते, उंबऱ्यासमोर थांबत होते आणि मागे वळत होते. प्रत्येक घरापाशी. तिघंही.

माझं टेस्टरचं डोकं लगेच पळालं. बग. दार उघडत नसणार. मी पुण्यातल्या प्रोग्रॅमरला लिहिलं, 'मराठी आवृत्तीत घराची दारं उघडत नाहीत, अर्जंट.' त्याने दहा मिनिटांत उत्तर दिलं, 'उघडतात. तू स्वतः ट्राय केलंस का?' केलं नव्हतं. करून पाहिलं. दार उघडलं. अकरा वर्षांच्या अनुभवानंतर इतका लाजिरवाणा मेल मी पहिल्यांदाच पाठवला होता.

बुधवारी सकाळी मी नियम मोडला आणि रत्नाताईंना सरळ विचारलं. "ताई, त्या घरापाशी तुम्ही जाता आणि परत फिरता. काहून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलंय.

"घरी कोनी नाही ना जी."

"दार तर उघडं आहे."

"उघडं आहे म्हनून काय झालं? माप घ्यायले मी कोनाकडे गेली अन् बाई घरी नसली, तं अंगणातून आवाज देतो अन् वापस येतो. आत जाऊन बसतो का?"

बाबारावकाका मागे बसून ऐकत होते. "वेचणीच्या दिवसात अर्धं गाव वावरात असते. कुलूप लावते का कोनी? बस, कडी सरकवली अन् निंगाले. भरोसा असते म्हनून."

पूजाला विचारलं तर ती म्हणाली, "सर, माझी भरती आहे. रिकाम्या घरात घुसताना रेकॉर्डिंग होऊन राह्यलं माझं. मी कायले रिस्क घेऊ?"

मी खुर्चीत मागे टेकलो. वाईट वाटायला हवं होतं, पण मला हसूच आलं. जगभर हे गेम खेळणारी माणसं घर दिसलं की घुसतात, पेटी दिसली की उघडतात, मडकं दिसलं की फोडून आत बघतात. ही इतकी उघड गोष्ट आहे की कोणत्याच टिप्सच्या पानावर ती लिहिलेली नसते. मी फुलसावंगीत वाढलो. शेजारचं दार उघडं असलं तरी अंगणातून हाक मारायची, हे मला आईने बोलायला शिकवायच्या आधी शिकवलं असेल. पण गेममध्ये मी वीस वर्षं घरं लुटत होतो आणि एकदाही मनात काही आलं नाही.

उपाय सोपा वाटला. मी अकरावी टीप लिहिली: 'रिकाम्या घरांत जा. पेट्या उघडा. मिळेल ते घ्या.' छापली आणि तिघांच्या हातात दिली.

पूजाने वाचली आणि कागद परत दिला. "सर, हे मी नाही करणार. तुमचं नाव खाली लिहा, मग करते."

बाबारावकाकांनी माझ्या शब्दाला मान दिला. आत गेले, कंदील घेतला. मग बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. गेममध्ये हातातली वस्तू खाली ठेवायची सोय आहे, ती त्यांना सापडली. त्यांनी खुंटीखाली आपली भाकरी ठेवली. एका वस्तूच्या बदल्यात एक वस्तू. मग समाधानाने घाटाकडे निघाले. लांडगे कंदिलाला भिऊन दूर राहिले. घाटाच्या मध्यावर काका उपाशी मेले, कारण आख्ख्या घाटासाठी गेमने तेवढी एकच भाकरी दिलेली असते.

"पन व्यवहार साफ होता," काका म्हणाले.

रत्नाताई घरात गेल्या. खुंटीवरच्या कंदिलासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता घेतील. त्यांनी माउस सोडला, उठल्या आणि चपला घातल्या.

"भाऊ, राग नका मानू. तुमच्या गेमात चालत असन. माझ्या हातून नाही होत. मी नाही खेळत आता."

"ताई, हे खोटं घर आहे."

"घर खोटं आहे. हात तं माझाच आहे ना."

त्या गेल्या. दोन मिनिटांत भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचा राग आला. दीड वर्षाचं काम एका कंदिलापायी बुडत होतं.

गुरुवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या मनमोकळ्या हसल्या. "हे फारच गोड आहे रे. पण करायचं काय? बिल्ड लॉक झालंय."

बिल्ड लॉक होणं म्हणजे गेमला सील लागणं. त्यानंतर कोणी काही नवं घालायचं नाही, नाही तर एक दुरुस्त करायला जाऊन दुसऱ्या दहा गोष्टी मोडतात. नवं पात्र नाही, नवं दार नाही, रस्त्यावर ठेवलेला नवा कंदील नाही.

"भाषेची फाइल?" मी विचारलं.

"ती उद्या दुपारी लॉक होते."

भाषेची फाइल म्हणजे गेममधला प्रत्येक शब्द ज्यात असतो ती. ती माझी होती. मी ती उघडली आणि पिंपळझरीच्या विहिरीपाशी आलो. तिथे एक म्हातारा बसलेला आहे, गावात मागे राहिलेल्या चार-दोन माणसांपैकी एक. प्रत्येक खेळाडू त्याच्याशी बोलतो, कारण पहिली टीपच ती आहे. त्याचं वाक्य मी मूळ संहितेबरहुकूम केलं होतं: 'सगळे कापणीला गेलेत. गाव ओस पडलंय.' इंग्लिशमध्ये खेळणाऱ्याला हे वाक्य म्हणजे घरात शिरायचं आमंत्रण वाटतं. आमच्याकडे ते वाक्य म्हणजे निरोप आहे: कोणी नाही, नंतर या.

मी ते खोडलं आणि नवं लिहिलं. 'सगळे कापणीला गेलेत. जाताना सांगून गेलेत, घाटाकडे जाणारा वाटसरू आला तर घरातलं लागेल ते घेऊ द्या. पहिल्या घरात खुंटीला कंदील आहे, खाटेखाली सुरी आहे. निघताना दार तेवढं ओढून घ्या.'

पण म्हाताऱ्याचं बोलणं बदलायचं तर दीक्षित सरांची परवानगी लागते. सर म्हणजे खेळाडूच्या हाताला धरायचं नाही यावर श्रद्धा असलेला माणूस. त्यांनी फोनवर माझ्याकडून वाक्य वाचून घेतलं.

"हा म्हातारा तर सगळंच सांगून टाकतोय," ते म्हणाले.

"सर, तो रस्ता सांगत नाहीये. परवानगी देतोय."

मग मी रत्नाताईंचं सगळं सांगितलं. हाताचं वाक्य सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं," सर म्हणाले. "मी लहानपणी हे असले गेम खेळायला लागलो तेव्हा मलाही पहिल्या दिवशी भीती वाटली होती, घरवाला परत आला तर? नंतर विसरलो. कंदील राहू दे. पण सुरी काढ. सुरी त्यांनी स्वतः शोधावी. आणि ते दार ओढून घ्यायचं कशाला?"

"आमच्याकडे तसंच सांगतात, सर."

"मग राहू दे."

रत्नाताईंना परत आणणं बाकी होतं. मी त्यांच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. कंदील घ्या असं म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, "ताई, विहिरीवरच्या म्हाताऱ्याला तुमच्याशी बोलायचं आहे."

"थो तं एकच वाक्य बोलते."

"आज दुसरं बोलेल."

त्यांनी कात्री ठेवली.

शुक्रवारी केतकी मॅडम लॅपटॉपच्या पडद्यावर, आम्ही चौघं खोलीत. आधी पूजा. म्हाताऱ्याचं वाक्य वाचून म्हणाली, "हे ठीक आहे, साक्षीदार झाला." कंदील घेतला आणि पळतच घाट ओलांडला. मग बाबारावकाका. यावेळी भाकरी त्यांनी जवळच ठेवली, थोडी नाराजीने. तेही पार.

मग रत्नाताई. त्यांनी म्हाताऱ्याचं बोलणं दोनदा वाचलं. पहिल्या घरात गेल्या, कंदील उतरवला. बाहेर आल्यावर वळून दार ओढलं. गेममध्ये दार ओढण्याचा काहीच उपयोग नाही, पण ओढता येतं. घाटात लांडगे झुडपांतून बघत राहिले, एकही पुढे आला नाही. वळण संपलं आणि समोर किल्ला दिसला. मॅडमनी पडद्यावर टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते, ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसले.

तेवढ्यात रत्नाताईंचा वीर मागे वळला.

"अरे, त्या कुठे चालल्यात?" मॅडमनी विचारलं.

मीही विचारलं, "ताई, कुठे?"

"कंदील द्यायले. घाट झाला ना आता."

त्या वाचवून ठेवलेल्या अर्ध्या भाकरीवर सगळा घाट उतरून गावात आल्या, कंदील जागच्या जागी खुंटीला टांगला, दार ओढून घेतलं, मोकळ्या हातांनी पुन्हा घाटात शिरल्या आणि पहिल्या वळणावर लांडग्याने त्यांना खाल्लं.

मॅडम हसून हसून पडद्याबाहेर गेल्या होत्या. बाबारावकाका म्हणाले, "बराबर केलं बाई तुम्ही."

मराठी आवृत्ती निघाली. अटीप्रमाणे तिघांनी घाट ओलांडला होता, परतीचं काही अटीत नव्हतं. दीक्षित सरांनी म्हाताऱ्याचं नवं वाक्य पुढे इंग्लिशमध्येही घातलं.

पण त्या शुक्रवारी भाषेची फाइल लॉक व्हायला अजून दोन तास उरले होते. मी घाईने बारावी टीप लिहिली: 'कंदील परत करू नका, किल्ल्यात लागतो.' रत्नाताईंना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही सांगून काय होते, भाऊ? कंदील तुमचा आहे का?"

मी कागद फाडला, म्हाताऱ्याच्या तोंडी आणखी एक वाक्य घातलं, सरांना फोनवर विचारून घेतलं आणि फाइल पाठवून दिली. 'कंदील सावकाश आणा, आम्हाला सुगी होईपर्यंत लागत नाही.' वीस वर्षं मी समजत होतो की नवख्याला सल्ला हवा असतो. सल्ला त्याला दहा ठिकाणी मिळतो. त्याला आधी हवी असते ती घरवाल्याची परवानगी, आणि ती टिप्सच्या पानावर देता येत नाही.